हलगी तापेपर्यंत

काल सांगलीच्या शाळेत हलगी शिकवताना खिडकीतून जळत्या पाचटाचा धूर आला आणि मी एकदम लहानपणीच्या आष्ट्याला पोचले. दारात वरात खोळंबली होती आणि हलगीताफ्याचे म्होरके असलेले माझे वडील, दादा, निवांत जाळावर हलगी शेकत बसले होते.

“आवं मास्तर, वाजवा की! का दुसरा ताफा बोलवू?” नवऱ्याचा मामा ओरडला. मला तर जागेवर उभं राहवेना. दादांचा असा राग आला! त्यांनी कातड्यावर बोट मारून कान लावला.

“अजून बद्द वाजतीया. थांबा.”

सगळे थांबले. मग पहिल्याच ठोक्याला नवरदेवाचं घोडं बुजलं.

आता वर्गातल्या हलग्या फायबरच्या आहेत, तापवाव्याच लागत नाहीत. पोरं आल्या आल्या बडवायला लागतात, आणि त्या दणदणाटात “थांबा” कशासाठी म्हणायचं, तेच मला सुचत नाही.