रानात घेतलेली नावं

नातीला दुसऱ्या दिवशी वर्गापुढे उभं राहून बोलायचं होतं आणि ती जेवायला उठेना. मागच्या वेळी ती तिथे मुकी झाली होती. पोरं हसली होती. मुलगा रास लफानला गॅसच्या कारखान्यात ड्युटीवर, सून लुसैलच्या ऑफिसात. आखातातल्या या घरात मोठं माणूस मी एकटी.

"विषय काय?"

"अमेरिकन गोष्टींत रानाचा मीनिंग काय."

मी म्हटलं, गोष्ट सांग. इंग्रजीत सांगू लागली. मी अडले तिथे मोडक्या मराठीत. एक माणूस घरदार, गाव, सगळ्यांची कटकट सोडून रानात जाऊन राहतो. तिथे जाब विचारणारं कुणी नाही, म्हणून खूश. टीचर म्हणतात, अशा गोष्टींत रान म्हणजे नुसती झाडं नसतात.

"मग काय असतं?"

"आय डोन्ट नो!"

"त्याची लाकडं कोण फोडतं? भाकरी कोण भाजतं?"

"आजी, प्लीज! इट्स अ सिम्बॉल."

"सिम्बॉलला भूक लागत नाही?"

हसली एकदाची. मग मी तिला आमचं रान सांगितलं. रायगडात सासरी आम्ही सात-आठ जणी लाकडाला जायचो. घरात नवऱ्याचं नाव तोंडातून काढायची सोय नव्हती. पहिली चढण संपली की एकेक जण ते नाव घसा फोडून ओरडायची. मग सासूचं. पुढे काय ओरडायचो ते नातीला सांगण्यासारखं नाही, तरी सांगितलं. करवंदांनी तोंडं काळी, हसून पोटात कळा. वेस आली की डोक्यावर पदर, त्यावर मोळी आणि सगळ्या गरीब गाई.

नात उठून बसली. "म्हणजे तिथे रूल्स नव्हते!"

"नव्हते. पण तुझा तो गोष्टीतला बाबा तिथेच राहिला. आम्हाला परत येऊन चूल पेटवायची होती. हेही सांग."

तिने लिहून काढलं, मला चारदा म्हणून दाखवलं आणि तीन पोळ्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी दारातूनच ओरडली, तेही मराठीत. "आजी, मी थांबलेच नाही! टीचर 'खलास, पुरे आता' म्हणाल्या तरी बोलत होते!" वर्ग हसला होता, पण या वेळी हसायच्या जागी. टीचरनी विचारलं, या बायका कुठल्या पुस्तकातल्या? ही म्हणाली, पुस्तक नाही, माझी आजी. आता टीचरनी मला शाळेत बोलावलंय.

"येशील ना?"

"मी चौथी पास. धरून पाचवीत बसवलं तर?"

"माझ्या शेजारी बस."

बघू, म्हटलं. साडी कुठली नेसायची ते मात्र त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं.