तुटता तारा आणि माझं गप्प बसणं

डिसेंबरात मिथुन राशीकडून उल्का येतात. लोक त्यासाठी रात्र जागवतात. मी दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात स्लॅबवर जातो. मिथुन तेव्हा नुकती क्षितिजावर येत असते. तिकडून आलेले खडे खाली न कोसळता हवेला घासत आडवे जातात. तासाभरात एखादाच दिसतो, पण तो तुरीच्या शेतामागून निघून सावकाश डोक्यावरून पार बाभुळगावच्या दिव्यांपर्यंत जातो.

हे मी शाळेत पंचवीस वर्षं शिकवलं. घरात एकदाही बोललो नाही.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बायकोने अंगणातून अशीच एक लांब उल्का पाहिली आणि बोट दाखवून मला हाक मारली. तिला सहावा महिना होता. गर्भार बाईने तुटता तारा पाहू नये, पाहिलाच तर थुंकावं आणि कुणाला दाखवू नये, असं आमच्याकडे मानतात. पंधरा दिवसांनी बाळ पोटातच गेलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला माझ्या आईने त्या बोटाची गोष्ट सांगितली. मी, विज्ञानाचा मास्तर, तिथेच बसून चहा पीत होतो. त्यानंतर बायको कधी स्लॅबवर आली नाही. ये म्हणायला मला तोंड नव्हतं.

यंदा मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. तीही वर यायला निघाली, तशी आई जिन्याच्या पायरीवर आडवी बसली.

"दोन जिवाच्या पोरीले तारा दाखवाले नेतं काय रे? अन् काही झालं तर?"

"झालं तर दवाखान्यात नेऊ. पण ताऱ्याचं नाव कोणी काढाचं नाही. मांगच्या वेळी इच्या मायची काहीच चूक नव्हती. मी मुकाट राह्यलो, ते चुकलं."

बायको ओट्याशी कणीक मळत होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

"हे तवा बोलाचं होतं तुम्ही," ती म्हणाली.

खरं होतं. मी आईला दंडाला धरून उठवलं आणि मुलीला वर नेलं. तासभर बसलो, एक उल्का आली. मुलगी हसली. बायको आली नाही.

आई चार दिवस माझ्याशी बोललेली नाही. नाही बोलली तरी चालेल. पुढच्या महिन्यात जे व्हायचं ते होवो, या घरात कुणी बाईकडे बोट दाखवलं तर आधी मी उभा राहीन. उशीर झाला आहे, हे मला माहीत आहे. तरीही उद्या मी मुलीला घेऊन पुन्हा वर जाणार आहे.