नऊ आज्यांची पोस्टकार्डं

भुसावळच्या शाळेत तीस वर्षं छडी चालवून द्वारकाबाई मुलाच्या बदलीमागोमाग जयपूरला आल्या आणि रेल्वे कॉलनीत दर रविवारी मराठीचा वर्ग घ्यायला लागल्या. इथे छडी चालेना. पोरं सरळ म्हणायची, "बाई, मारायचं नाय हां, मम्मीला सांगू!" त्यात सत्त्याऐंशी साल, रविवारी सकाळी टीव्ही. नऊच पोरं यायची, तीही तोंडं पाडून.

शेवटी आयांनी सांगूनच टाकलं, "बाई, पोरांना दोन ओळी लिहिता येत नाहीत. हा महिना झाला की वर्ग बंद."

बाई हिशोब करतच घरी आल्या. आठवड्यातला तो एक तास गेला तर उरलं काय? सुनेचे मटार सोलणं!

पुढच्या रविवारी त्यांनी पोस्टकार्डं वाटली. "गावच्या आजीला पत्र लिहा. मनातलं."

"मतलब, काहीपण?" सातवीतल्या दिलीपने विचारलं.

"काहीपण."

दिलीप नुकताच कद्दूच्या भाजीवरून आईशी भांडून आला होता. त्याने धडाधड लिहिलं, 'आजी, आई मला पोटभर जेवायला देत नाही.' बाकीच्या आठांनी तेच कार्ड फिरवून उतरवून काढलं. काय उतरवतोय ते वाचायचे कष्ट कोण घेणार!

बाईंनी मात्र नऊही वाचली. हात छडीसाठी शिवशिवला. सातव्या कार्डाला हसू दाबायला पदर तोंडात कोंबला. मग चपला घातल्या आणि सगळी कार्डं लाल पेटीत टाकून आल्या.

दोन आठवड्यांनी आया वर्गात घुसल्या. पुढे दिलीपची आई, लता. "सासूबाई लिहितात, नातवाला उपाशी मारतेस?"

"माझ्या तर निघाल्यासुद्धा!" मागची दुसरी आई, शालिनी, रडकुंडीला आली. "महिनाभर राहणारेत!"

"अगं बाई!" द्वारकाबाईंचा चेहरा अगदी गरीब गाईसारखा. "पण पोरांना लिहिता येत नाही म्हणत होतात ना? आज्यांना तर सगळं कळलं."

"आता निस्तरायचं कसं?"

"तुम्ही लिहून सासवा विश्वास ठेवतील?"

लताने कपाळावर हात मारला.

"पोरांनीच लिहायला हवं. ज्याने त्याने, आपल्या शब्दांत. वेळ लागेल हो. दिवाळीपर्यंत धरा."

त्या रविवारी कॉलनीत टीव्ही लागलाच नाही. आया दारात पहाऱ्याला, पोरं घामाघूम.

दिलीप हळूच म्हणाला, "बाई, तुम्ही आधी पढलं होतं ना?"

बाईंनी कोरं कार्ड पुढे सरकवलं. "कद्दूपासून सुरू कर."