ज्यांचं नाव घ्यायचं नाही ते

आमच्या वेळी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. उखाण्यात घ्यायचं, तेही चार बायकांनी दार अडवल्यावर. एरवी "हे", आणि त्याने भागलं नाही तर लांबण लावायची: जे कचेरीत असतात ते, ज्यांना वांगं चालत नाही ते. केडगावहून भाजी घेऊन येणारी बाई मला विचारायची, "तुमचं मालक म्हंजी सायकलीवर बी छत्री उघडून जात्यात, त्येच न्हवं?" तेच. नगरात असे एकच होते. त्यांचं नाव मी इथेही लिहिणार नाही. आता कोणी रागावणार नाही, पण हाताला वळण नाही.

लढाईची वर्षं होती. हे कचेरीत कारकून होते आणि अव्वल कारकुनाच्या जागेवर त्यांचा डोळा होता. मी शेवगावची, इंग्रजी चौथी होऊन लग्न झालेली, आणि माझा डोळा मॅट्रिकवर होता. अभ्यास घरी करायचा आणि बाहेरून परीक्षेला बसायचं, एवढंच माझं मागणं. तीन वर्षं मी विचारत होते आणि तीन वर्षं हे "बघू" म्हणत होते. नाही म्हणायचा वाईटपणा ज्यांना नको असतो ते बघू म्हणतात.

मग साहेबाच्या मडमेने कचेरीतल्या लोकांना बायकांसह चहाला बोलावलं आणि आमच्या घरात अचानक स्त्रीशिक्षणाची लाट आली. हे रोज संध्याकाळी डोक्यावरची टोपीसुद्धा न काढता मला इंग्रजी शिकवायला बसू लागले. "माणसाचं वर्णन करता आलं पाहिजे," हे म्हणत. "तो कोण, काय करतो, त्याला कोण मानतं, सगळं एका वाक्यात." 'हू' झालं, 'हूज' झालं, आणि 'हूम'वर आम्ही आठ दिवस काढले. गोरे लोक 'हूम'शिवाय तोंडच उघडत नाहीत अशी यांची खात्री होती. उदाहरणं यांचीच असत. द ऑफिसर हूम एव्हरीबडी रिस्पेक्ट्स. द वाइफ हू ओबेज. मी विचारलं, "आणि द हजबंड हू?" हे म्हणाले, "ते परीक्षेला नाही."

नवऱ्याबद्दल विचारलं तर म्हणायला यांनी एक वाक्य घडवून दिलं होतं: माझे यजमान म्हणजे ज्यांनी अकरा वर्षं निष्ठेने सरकारची चाकरी केली ते गृहस्थ. इंग्रजीत ते इतकं लांब होतं की मध्ये एकदा श्वास घ्यावा लागे. मी म्हटलं, "हे वाक्य नीट म्हटलं तर मॅट्रिकचा फॉर्म भराल?" "आधी चहा पार पाड, मग बघू." फॉर्मची मुदत महिनाअखेर संपत होती.

बंगल्याच्या बागेत मडम बोलायला लागली आणि मला कळलं की आमची मेहनत पाण्यात गेली. 'हूम' तिच्या तोंडातून एकदाही आलं नाही. द कुक वुई हॅड, द चॅप यू सेंट, असं ती बोलायची. मधला शब्द सरळ गिळायची, तरी कोणता आचारी आणि कोणता माणूस ते बरोबर समजत होतं. आमची भाजीवाली इंग्रजीत अशीच बोलली असती. माझी भीती तिथेच अर्धी झाली.

थोड्या वेळाने तिने मला विचारलं, त्यांच्यातला तुझा नवरा कोणता? कुंपणापाशी सहा कारकून उभे होते. सगळ्यांच्या काळ्या टोप्या, गळाबंद कोट, आणि कपबशी दोन्ही हातांनी धरलेली. नाव घेता येईना, बोट दाखवणं बरं दिसेना. अकरा वर्षांची निष्ठा म्हणावी तर ती सहाही चेहऱ्यांवर सारखीच थापलेली होती. मी म्हटलं, "द मॅन हू इज लुकिंग ॲट मी." सहाही जण माझ्याकडेच बघत होते.

मग मी म्हटलं, "द मॅन हू इज सेंडिंग मी अप फॉर मॅट्रिक." जे मला मॅट्रिकला बसवताहेत ते. ते वाक्य तोंडातून चुकून निसटलं असं मी पुढे सगळ्यांना सांगत आले. निसटलं नव्हतं. मी ते बोलले होते.

मडमेने साहेबाला हाक मारून तेच वाक्य मोठ्याने ऐकवलं. साहेब कुंपणापर्यंत चालत गेला, तो माणूस कोण म्हणून त्याने विचारलं आणि यांचा हात हातात घेतला. यांच्या कपातला चहा बशीत सांडला. परत येताना टांगा कापडबाजारात आला.

"खोटं बोललीस," हे म्हणाले.

"मुदत आहे अजून," मी म्हटलं. "खरं करता येईल."

चौथ्या दिवशी फॉर्म घरात आला. अव्वल कारकुनाची जागा दुसऱ्याच कोणाला गेली, पण यांची ओळख पक्की झाली. साहेबाला यांचं नाव कधी नीट म्हणता आलं नाही. ज्याची बायको मॅट्रिकला बसते आहे त्याला पाठवा, असं तो शिपायाला सांगे. महिनाभर हे चडफडले. मग एके सकाळी ओसरीवर कोणाला तरी सांगताना ऐकू आले की स्त्रीशिक्षणाबाबत आपली मतं पहिल्यापासूनच उदार आहेत. मी आत एका हाताने पोळी उलटत भूमिती पाठ करत होते. उदार मतांना चहा लागला, तोही मीच नेऊन दिला.

परीक्षेच्या दिवशी सकाळी हे स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. टोपी हातात होती. मला वाटलं, आता जाता जाता काहीतरी ऐकवणार.

"गणित जमेल?"

"सांगता येत नाही."

हे हळूच म्हणाले, "कचेरीत सगळे विचारतील. नापास झालीस तर मी कोण?"

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. ही ओळख मीच त्यांच्या गळ्यात बांधली होती, आणि माझ्याइतकेच तेही घाबरले होते. मला त्यांची कीव आली, आणि तीन वर्षांचा रागही तसाच होता. मी पेन घेतलं, चपला घातल्या.

"ज्यांची बायको पुन्हा बसणार आहे ते," मी म्हटलं.