खारफुटी कुणी मारली

लहानपणापासून घरात तिला सगळे भागूबाई म्हणत. झुरळ दिसलं की खाटेवर चढणारी. तिनं किनाऱ्याच्या पाहणीची नोकरी धरली, तेव्हा थोरली बहीण म्हणाली, "अगं, लाट आली तर कुठं चढशील?"

आधी कचेरीत उपग्रहाची वर्षावर्षांची चित्रं लावून खारफुटी कुठं घटली ते पाहायचं, मग त्या वस्तीत घरोघर जाऊन कारण विचारायचं, असं तिचं काम. खाडीच्या तोंडाशी एक हिरवा पट्टा तीन वर्षांत करडा पडला होता. साहेबांनी कारण आधीच ठरवून टाकलेलं : वस्तीनं जळणासाठी झाडं तोडली.

ती वस्तीत शिरली आणि दारं धडाधड लागली. पाच-सहा गडी आडवे आले. एकानं तिच्या हातातला नकाशा हिसकावला. "हे दाखवून आमची घरं पाडणार ना?"

मागं चिखल, पुढं ही माणसं. ती चाचरत म्हणाली, "मला... मला फक्त विचारायचंय."

ओट्यावर जाळं सांधणाऱ्या आजी ओरडल्या, "अरे, ती तुमच्याहून घाबरलीय! ये गं, पाणी पी."

मग आजींनी तिला हाताला धरून खाडीवर नेलं. झाडं जागच्या जागी वाळून गेली होती. एकाही खोडावर कोयत्याचा घाव नव्हता. "तोडली असती तर अशी उभी राहिली असती होय?" आजींनी पलीकडे बोट दाखवलं. कोळंबीच्या तळ्यांसाठी घातलेल्या बांधानं भरतीचं पाणीच अडवलं होतं.

ती फोटो काढत होती, तोच बांधावरून मोटारसायकल आली. तळ्यांच्या मालकाचा माणूस गोड हसला. "घरी कोण कोण असतं, ताई?"

पुढं कित्येक दिवस ती रोज वेगळ्या गल्लीनं कचेरीत जाई आणि मागं मोटारसायकल वाजली की भिंतीला चिकटे.

तिनं जुनी चित्रं पुन्हा लावली. बांधाची बारीक रेघ उमटली होती ती झाडं करडी पडण्याच्या आदल्या वर्षी. आजवर तिकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

"नसती भानगड कशाला?" साहेब म्हणाले.

"सर, मला भीती वाटतेय," ती म्हणाली, "पण खोटं लिहायची त्याहून जास्त वाटतेय." आजींनी वस्तीतली दारं उघडायला लावून मिळवून दिलेल्या एक्केचाळीस घरांच्या जबान्या जोडून तिनं अहवालावर सही केली.

सात महिन्यांनी चौकशी होऊन बांध दोन ठिकाणी फोडला गेला. वस्तीला कुणी हात लावला नाही. तिनं मात्र बदली मागून घेतली. त्या खाडीवर पुन्हा जायचा धीर तिला कधीच झाला नाही.