एका आवाजाची जागा

दिल्लीतल्या द्वारकेहून नोएडाला जाणाऱ्या मेट्रोत एक गृहस्थ रोज माझ्याशेजारी उभे राहत. मला फोनवर मराठीत बोलताना ऐकून स्वतःहून जवळ आले, एवढीच ओळख. नाव मी कधी विचारलं नाही. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन ते कुठेतरी शिकवायला जात. कुठल्याही लाइनचा वेग कानावर पडला की त्यात किती माणसं बोलतील, याचा हिशेब ते लगेच मांडत.

“आमच्या ऑफिसात दहा जीबीपीएसची फायबर आली,” मी एकदा सांगितलं.

त्यांनी डोळे मिटले. दांड्यावर बोटं हलली. “एका आवाजाला चौसष्ट केबीपीएस लागतात. म्हणजे एक लाख छप्पन्न हजार माणसं एका वेळी बोलतील. बिल्कुल आरामात.”

मग हातातला फोन मला दाखवला. गुरुग्रामला राहणाऱ्या आपल्या मुलीला त्यांनी विचारलं होतं, बरी आहेस ना. तिने नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवलं होतं.

“याला जागाच लागत नाही हो,” ते म्हणाले.

त्यांचं स्टेशन आलं. “उद्या आहात ना?”

मी मान हलवली.

“तोंडाने सांगा.”

“हो,” मी म्हटलं. तेवढं ऐकून ते उतरले.