शेवटच्या मेसेजच्या अलीकडे

ऑफिसात त्यांना सगळे ‘एंडसाहेब’ म्हणत, तेही तोंडावर. नवा प्रोग्रामर आला रे आला की हे त्याच्या टेबलाशी हजर. “काय रे, यादीचा एंड कुठे असतो?” बिचारा म्हणायचा, शेवटच्या वस्तूवर. झालं! “अरे, शेवटच्या वस्तूच्या पुढची रिकामी जागा म्हणजे एंड. इटरेटर एकेका वस्तूवरून पुढे सरकतो, तिथे पोचला की थांबायचं. एक अलीकडेच थांबलास, तर शेवटचीला कोण विचारणार? तुझा मामा?” तीस वर्षं हेच पालुपद.

बायको गेली आणि हा माणूस पार गप्प झाला. तिने फोनवर पाठवलेले अडतीस व्हॉइस मेसेज त्यांनी एका यादीत ठेवले आणि छोटासा प्रोग्राम लिहिला. रोज सकाळी चहाबरोबर एक मेसेज वाजायचा. ‘येताना लिंबं आणा.’ ‘छत्री विसरलात ना? वेंधळे कुठले!’ यादी संपली की पुन्हा पहिल्यापासून.

लेक चार दिवस राहायला आली. तीही प्रोग्रामरच. सहज कोड पाहिला आणि हसतच सुटली. “बाबा, कमाल झाली! एंडच्या एक अलीकडेच मागे फिरताय. अडतिसावा कधी वाजतच नाही.”

“राहू दे गं,” ते म्हणाले. तिला वाटलं, बाबा ओशाळले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याआधी उठून तिने ती ओळ दुरुस्त केली, आणि ते चहाला बसल्यावर मोठ्या कौतुकाने अडतिसावाच लावला.

“अहो, तीनदा फोन केला. छातीत कसंतरीच होतंय. मीटिंग सोडून या ना. मला एकटीला भीती वाटतेय.”

आई झोपेतच गेली, असं बाबांनी सगळ्यांना सांगितलं होतं.

“नव्या पोरांना एंड शिकवत होतो,” ते म्हणाले. “फोन उलटा ठेवलेला. घरी आलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. नंतर ऐकायला घेतला, तर ‘अहो’च्या पुढे धीरच झाला नाही. आज पहिल्यांदा पूर्ण ऐकला.”

“चुकलं हो माझं, बाबा. ओळ होती तशी करते,” ती रडत म्हणाली.

“नको. पुन्हा लाव.”

तिने लावला. ‘या ना’ ऐकताच एंडसाहेब खुर्चीतून उठले. “आलो गं, आलो,” म्हणाले, आणि कुठे जायचं ते न कळून तिथेच रडत उभे राहिले.